डावा गुडघा

आई : पण अख्ख्या प्रवासात तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसला होतात. तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होतीस?

भिंगरी : त्याच्या कानात हेडफोन होते, आई. माझ्या मागच्या शर्यतीचा व्हिडिओ बघत होता. मी चढावर मागे पडते ना, तेवढाच तुकडा. पुन्हा पुन्हा. अशा माणसाला हलवून काय सांगू? मामा, हेडफोन काढ, मी तुला सोडून दुसऱ्या कोचकडे चालले?

आई : सोडून कशाला म्हणायचं? शिकायला चालले म्हण.

भिंगरी : तू म्हणून बघ त्याच्यासमोर. कसं वाटतं ते सांग मग.

आई : मी कशाला म्हणू? बोलावणं तुला आलंय, उत्तरही तुलाच द्यायचंय. आणि ते परवापर्यंत, हे तूच मला सांगितलंस. माझं काम झालं. बेकरीला टाळं लावून सगळ्यांना समुद्रावर आणलं.

भिंगरी : ही सुट्टी तू मुद्दाम काढलीस ना?

आई : मुद्दाम नाही तर काय! डॉक्टर म्हणाले तुझ्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती द्या, तर तुझा मामा काय म्हणाला? 'बरं, मग फक्त सकाळीच चालवू.' तेव्हाच ठरवलं, या दोघांना अशा जागी न्यायचं जिथे सायकल चालवायची सोयच नसेल. डोंगर असला तर चढवतील, मैदान असलं तर फेऱ्या मारतील. म्हटलं, चला पाण्याखाली. तिथे काय करतात बघू.

भिंगरी : त्याने बॅगेत पेडल आणलीत.

आई : काय आणलीत?

भिंगरी : पेडल. टॉवेलात गुंडाळून. म्हणे, हॉटेलात कुणाची सायकल मिळालीच, तर निदान पेडल तरी आपल्या सवयीची असावीत.

आई : धन्य आहे माझा भाऊ. आणि मी म्हणतेय, रिसेप्शनवरच्या मुलीला हा सायकल स्टँड कुठाय असं का विचारतोय.

भिंगरी : आई, ते बुडबुडे बघ. इतका वेळ बोटीच्या या बाजूला होते, आता त्या बाजूला गेले. मामा खाली ठीक असेल ना?

आई : शिकवणारी बाई आहे बरोबर. आणि ती बाई कशी आहे बघितलंस ना, मामाला पाण्यात ढकलताना तिने त्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. ती असताना कुणाला काही होत नाही. खरे शहाणे तुझे बाबा. बोट म्हटल्यावर धक्क्यावरच बसले. टोपी घालून, सगळ्यांचे बूट राखत.

भिंगरी : बाबांना सांगितलं तेव्हा ते काय म्हणाले माहितेय? 'जा की.' बस. एवढंच. मामाला असं एका वाक्यात सांगता येत नाही.

आई : का येत नाही?

भिंगरी : कारण बाबांना माझ्याशिवाय शंभर गोष्टी आहेत. मामाला काय आहे? सायकलचं दुकान आणि मी. सकाळी मी, दिवसभर दुकान, संध्याकाळी पुन्हा मी. स्कूटरवरून माझ्या मागे ओरडत येतो, ओढ भिंगरे, ओढ! आता तो कुणाला ओरडणार?

आई : ते त्याचं तो बघेल. तुला जायचंय का नाही, एवढं सांग.

भिंगरी : जायचंय. आई, खूप जायचंय. तिथे माझ्याएवढ्या मुली आहेत. मला चढावर शेजारी कुणीतरी हवंय. मी एकटी आणि मागे स्कूटर, याचा कंटाळा आलाय. आणि असा कंटाळा आला की मला माझाच राग येतो. आणि दुसरंही एक आहे.

आई : बोल.

भिंगरी : मी गेले, की मामा आणि मी बोलणार काय? आम्ही सायकल सोडून कधी काही बोललोच नाही. फोन केला तरी काय विचारू? चेनला तेल घातलंस का?

आई : हं.

भिंगरी : हं काय? काहीतरी सांग ना.

आई : मी पाव करणारी बाई, मी काय सांगणार? पीठ मळून झालं की मी ते झाकून ठेवते आणि दुसऱ्या कामाला लागते. सारखं मळत राहिलं तर दगड होतो. तुम्ही दोघं एकमेकांना फार मळलंत, एवढं मला कळतं.

भिंगरी : आला! वर आला! मास्क कपाळावर घेऊ नको मामा, ती बाई नको म्हणाली होती!

मामा : ताई! ताई गं! अगं एक मासा! एवढा! नाकाला नाक लावून उभा! मी म्हटलं सरक, तर सरकेना!

आई : आधी शिडी धर, पंप्या. मग सांग.

मामा : माणूस सरकतो गं, मासा सरकत नाही! म्हणजे मलाच सरकावं लागलं. आणि कसं सरकायचं ते काही केल्या जमेना. मी इतके पाय मारतोय, इतके पाय मारतोय, आणि आहे तिथेच! घाम फुटला मला पाण्यात!

भिंगरी : पाण्यात घाम कळतो?

मामा : मला कळला. आणि वर त्या बाईचं सुरूच. अशी मूठ दाखवते आणि मग दोन बोटं गोल गोल फिरवून नाही नाही करते. मला वाटलं, म्हणतेय, मागे वळा. मी वळलो. तर पुन्हा मूठ. शेवटी वर आल्यावर कळलं. म्हणे, 'सर, सायकल बंद करा.'

आई : हा हा हा! देवा!

मामा : हसू नको. मला म्हणाली, सायकल बंद करा! मला! म्हणे पाय गुडघ्यातून गोल फिरवू नका, कंबरेतून सरळ हलवा, सावकाश. म्हटलं, बाई, जन्म गेला गोल फिरवण्यात, आता सरळ कुठून आणू?

आई : मग ती काय म्हणाली?

मामा : म्हणाली, नवीन माणसं बहुतेक असंच करतात, पण इतक्या मन लावून कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. आणि सगळी हवा संपवली म्हणे मी. दुसऱ्यांना जी तासभर पुरते ती मी मासा बघण्यात उडवली.

भिंगरी : पण मजा आली ना?

मामा : मजा? हो. म्हणजे... आली. खाली आवाजच नसतो गं. नुसता आपला श्वास ऐकू येतो. श्वास रोखायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. मी म्हटलं, हे बरं आहे, चढावर मी हिला हेच सांगतो. बरं चल, आता तुझी पाळी. मी पण येतो परत.

आई : परत? हवा संपवलीस ना?

मामा : नवीन सिलिंडर लावतायत. थोडं थांबा म्हणाल्यात, मग दोघांना एकदम नेणार. त्यांचा तो माणूस कॅमेरा घेऊन येतोय मागून. व्हिडिओ काढतात सगळ्यांचा. भिंगरे, ऐक. सरळ पाय. कंबरेतून. गुडघा घट्ट. डावा गुडघा आत घेऊ नको.

भिंगरी : पाण्यातसुद्धा?

मामा : पाण्यात काय, जमिनीवर काय, गुडघा तोच.

(मामा आणि भिंगरी एकत्र पाण्याखाली जाऊन येतात. संध्याकाळी तिघं धक्क्याजवळ गोड्या पाण्याच्या हौदात मास्क आणि पायात घालायची रबरी फिन्स विसळत आहेत. बाबा वर हॉटेलात जाऊन झोपले आहेत.)

मामा : पाय मोकळे करायला थोडीशी चालवली असती तर बरं झालं असतं. त्या स्वयंपाक्याकडे एक सायकल आहे. बघून आलोय मी. सीट खाली आहे, पण वर घेता येईल.

आई : डायव्हिंग केल्यावर दमणूक करायची नाही असं बजावून सांगितलंय सगळ्यांना. मी समोर होते.

मामा : थोडीशी म्हणजे दमणूक नव्हे.

आई : पंप्या, ते फिन धू. त्या फटीत वाळू राहिलीय.

भिंगरी : आई, मला सांगता येत नाही काय झालं ते.

आई : कुठे?

भिंगरी : खाली. सुरुवातीला मी पण सायकलच चालवत होते. जोरात. ती बाई मूठ दाखवत होती आणि मला हसू येत होतं, आणि हसलं की मास्कमध्ये पाणी. मग तिने मागून येऊन माझे दोन्ही गुडघे धरले. नुसते धरले. हलवू दिले नाहीत. मला वाटलं मी आता बुडणार. पण नाही ना बुडले! तिथेच राहिले, मधोमध. मग तिने सोडलं आणि एकदा, फक्त एकदा, पाय हलवायला सांगितले. आणि मी एवढी लांब गेले. काहीच न करता!

मामा : काहीच न करता कुणी लांब जात नाही. काहीतरी केलंस तू.

भिंगरी : तू बघितलंस?

मामा : मी कुठला बघतोय! मी माझ्या माशाला शोधत होतो.

आई : थांबा, व्हिडिओ आलाय. त्या बाईंनी पाठवलाय वाटतं. हात पुसा आधी, माझ्या फोनवर खारं पाणी नको.

मामा : दाखव, दाखव. मोठा करून दाखव.

आई : हे बघ. ही बोट... हा दोर... आणि हे कोण, पाठमोरे? सगळ्यांचे सूट एकाच रंगाचे, काळे काळे. कुणाचे पाय कुणाचे, काही कळत नाही.

मामा : मला कळतं. हा बघ! थांबव, थांबव! हा बघ डावा गुडघा! आला का नाही आत? भिंगरे, किती वेळा कंठशोष केला मी? वर बोटीवर सांगितलं होतं, खाली गेलीस की विसरलीस. तो गुडघा बघ, कसा दांडीला घासायला निघालाय. दांडी नाहीये तरी घासतोय!

भिंगरी : मामा.

मामा : आणि ती टाच बघ, बाहेर. गुडघा आत, टाच बाहेर. म्हणून चढावर जोर पेडलवर जातच नाही, सगळा भलतीकडे जातो. सीट बदलली, बूट बदलले, हँडल वर घेतलं, खाली घेतलं. आणि ही बया समुद्राच्या तळाशी जाऊनसुद्धा—

भिंगरी : मामा, तो तू आहेस.

मामा : काय?

भिंगरी : ती पिवळी फिन्स. तुझी. मी निळ्या फिन्सवाली. ती बघ, त्या कोपऱ्यात.

मामा : नाही.

आई : अरे, हातातच तर धरलंयस. पिवळं.

मामा : नाही गं. परत लाव.

आई : हे घे.

मामा : परत.

आई : किती वेळा?

मामा : ताई, परत लाव ना.

भिंगरी : मामा, काय झालं? चेहरा का असा केलास?

मामा : मी हा पाय इतक्या वेळा बघितलाय. रोज बघतो. दुकानात चाक सरळ करत असलो तरी डोळ्यांसमोर हाच पाय असतो. म्हणजे तुझा. पण हा तर माझा आहे.

आई : तुझा गुडघा तसाच आहे की. लहानपणी गच्चीवरून पडलास ना, तेव्हापासून. हाड जुळलं ते जरा तिरकं जुळलं. चालताना कळत नाही, पण सायकलवर बसलास की आत येतो.

मामा : तुला माहीत होतं?

आई : म्हणजे काय, तुझ्या मागे डबलसीट बसूनच तर कॉलेजला जात होते. मला वाटायचं, सायकलवाले असेच चालवतात.

मामा : आणि मला कुणी सांगितलं नाही?

आई : त्यात सांगायचं काय? आपल्या कुणाला मागून आपण दिसतो का?

मामा : भिंगरे, तू सायकल कशी शिकलीस, आठवतं?

भिंगरी : तुझ्या मागे. शाळेत जाताना. तू पुढे, मी मागे.

मामा : मी पुढे का असायचो?

भिंगरी : मला वारा लागू नये म्हणून. समोरून वारा यायचा त्या रस्त्यावर. तू म्हणायचास, माझ्या चाकाला चिकटून राहा, फुकट जाशील.

मामा : चिकटून राहिलीस. कितीतरी वर्षं. मग तुला पुढे काय दिसत होतं?

भिंगरी : तुझी पाठ.

मामा : आणि?

भिंगरी : तुझे पाय.

मामा : तेच. जे दिसलं ते उचललंस. हाड बिड काही मोडलं नव्हतं तुझं, तरी माझा गुडघा घेतलास. आणि मी मूर्ख, दोन वर्षं तुझ्या सीटचे नट सैल करतोय, घट्ट करतोय.

भिंगरी : असं नको ना म्हणू. तो गुडघा असूनही मी जिंकलेय की.

मामा : सपाटीवर. सपाटीवर कुणीही जिंकतं. चढ खोटं बोलत नाही. ताई, आता निळी फिन्स दिसतात तो तुकडा लाव बरं. त्या बाईने गुडघे धरल्यानंतरचा.

आई : ही बघ.

मामा : सरळ. सुतासारखा सरळ. बघितलंस ताई? एका दुपारात! त्या बाईला सायकलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने नुसतं धरून ठेवलं आणि झालं.

आई : जरा वेळ धरून ठेवलं, सोडलं. पाव पण तसाच—

मामा : पाव राहू दे गं तुझा आत्ता. मला एक बोलायचंय, ते बोलून टाकू दे, नाहीतर मग धीर होणार नाही. भिंगरे, मी तुला सरळ पाय दाखवूच शकत नाही. माझ्याकडे तो नाहीये. मी ओरडेन, सरळ मार, सरळ मार. पण मला स्वतःला सरळ म्हणजे कसं लागतं तेच माहीत नाही. मला माझा वाकडाच सरळ वाटतो. कळतंय?

भिंगरी : कळतंय.

मामा : तुला दुसरं कुणीतरी पाहिजे. चांगलं. गुडघे धरून ठेवणारं. मी चौकशी करतो. घरी गेल्यावर पहिलं काम ते.

भिंगरी : मामा...

मामा : रडू नको. रडण्यासारखं काही नाही. मी कुठे मेलोय?

भिंगरी : मामा, चौकशी नको करू. मला बोलावणं आलंय.

मामा : कसलं बोलावणं?

भिंगरी : त्या कोचबाईंचं. मागच्या शर्यतीत पहिल्या दोघी ज्यांच्या होत्या ना, त्या. माझी चढाई बघून त्या मला भेटायला आल्या. म्हणाल्या, पाय वाकडा पडतोय, पण दम आहे. आमच्याकडे ये, राहा, शिक. परवापर्यंत कळवायचंय.

मामा : मागच्या शर्यतीत.

भिंगरी : हो.

मामा : मी तुझी सायकल गाडीवर बांधत होतो तेव्हा?

भिंगरी : हो.

मामा : म्हणजे मी सीट बदलली तेव्हा तुला माहीत होतं. नवे बूट आणले तेव्हा माहीत होतं. ताई, तुला?

आई : मला पण.

मामा : भावोजींना?

आई : त्यांना सगळ्यांत आधी.

मामा : वा! म्हणजे मी आणि तो मासा, दोघांनाच माहीत नव्हतं.

आई : पंप्या, तिला हिंमत होत नव्हती.

मामा : मी काय वाघ आहे का? आत्ता इथे मोठ्या मनाने मी म्हणतोय, दुसरं कुणीतरी बघू. मला वाटलं, मी काहीतरी फार मोठं देतोय. आणि इथे वस्तू केव्हाची बांधून तयार आहे.

भिंगरी : मी वस्तू नाहीये!

मामा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

भिंगरी : तसंच म्हणालास! आणि मी काही हो म्हटलेलं नाही त्यांना. गपचूप जायचं असतं तर कधीच हो म्हटलं असतं, मेसेज टाकायला किती वेळ लागतो? तुला सांगितल्याशिवाय हो म्हणता येईना, आणि तुला सांगता येईना! रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगू. सकाळी तू दारात यायचास हातात केळं घेऊन, म्हणायचास, खा आणि चल. मग कसं सांगू? हातातलं केळं खात खात सांगू?

(मामा हातातलं पिवळं फिन पुन्हा हौदात बुडवतो.)

भिंगरी : तू 'नको' म्हण. नको म्हणालास तर मी नाही जाणार. खरंच.

आई : हे भलतंच काय आता?

भिंगरी : तू थांब, आई. मी मामाशी बोलतेय.

मामा : नको म्हणालो तर राहशील?

भिंगरी : राहीन.

मामा : आणि तोंड एवढं करून चढ चढशील. आणि मी मागून ओरडेन. आणि तुझा गुडघा आत येईल. आणि घरी जाऊन मी तोच व्हिडिओ लावेन.

भिंगरी : हो.

मामा : मग राहू नको. जा तू.

भिंगरी : रागाने म्हणतोयस.

मामा : रागाने नाही. वाईट वाटतंय. वाईट वाटलं तर चालेल ना? का त्याला पण मूठ दाखवणार आहात? एवढीशी होतीस, चेन उतरली तरी रडायचीस. बोटांना लागलेलं ग्रीस माझ्या शर्टाला पुसायचीस. वाटणारच ना वाईट. थोडा वेळ वाटेल, मग कमी होईल. दे तो मास्क इकडे, तू नुसता हातात धरून बसलीयस.

आई : चला. सुटले बाई मी.

मामा : तू कसली सुटलीस? तूच घडवून आणलंस हे सगळं. मला तेव्हाच शंका आली होती, हिने एका दिवसासाठी कधी बेकरी बंद ठेवली नाही.

आई : आली होती तर आलास कशाला?

मामा : मासे बघायला. बरं, ती कोचबाई कशी आहे? चढावर उभं राहून चालवायला लावते का बसून?

भिंगरी : सुरुवातीला बसून. मग शेवटी उभं.

मामा : बरोबर. ठीक आहे. पण सांगशील तिला, हिला उतारावर भीती वाटत नाही, म्हणून उतारावर हिच्याकडे जास्त लक्ष ठेवा. भीती न वाटणारी पोरं पडतात. आणि थंडीत तुझा खोकला. ते सांगायला लागेल. तू नाही सांगणार. मीच बोलतो तिच्याशी. नंबर दे.

भिंगरी : मामा, तू तिचा इंटरव्ह्यू घेणार?

मामा : इंटरव्ह्यू नाही गं. दोन शब्द. आणि सायकल जाण्याआधी मी पूर्ण उघडून परत बांधून देणार. तिथल्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. पंक्चर स्वतः काढायचं. येतंय ना?

भिंगरी : तूच तर शिकवलंस.

मामा : हां. ते तरी सरळ शिकवलंय.

आई : ऊन गेलं बघता बघता. तुझे बाबा उठले असतील, चहा शोधत फिरत असतील. मी जाते पुढे. तुम्ही आवरून या. आणि पंप्या, त्या स्वयंपाक्याच्या सायकलकडे फिरकलास तर याद राख.

मामा : जा गं तू.

भिंगरी : मामा, उद्या सकाळी पुन्हा जायचं खाली? ती बाई म्हणाली, जमतंय दोघांना.

मामा : जाऊ. उद्या मी पण माझे गुडघे धरून घेतो तिच्याकडून. या वयात सरळ होतात का बघू.

भिंगरी : होतील.

मामा : न होऊ देत. माशाला काय कळतंय. ए, तिथे सुट्टी असते का गं कधी?

भिंगरी : रविवारी. रविवारी कुणी सायकलला हातसुद्धा लावायचा नाही, असा त्यांचा नियम आहे.

मामा : चांगला नियम आहे. मला नाही सुचला कधी.

भिंगरी : मी रविवारी येत जाईन ना. शनिवारी रात्रीच निघाले तर सकाळी लवकर पोचेन. मग आपण टेकडीपर्यंत एक चक्कर—

मामा : ये. पण सायकल आणू नकोस.

भिंगरी : मग काय करायचं आपण?

मामा : माहीत नाही. तू ये तर खरी.